रस्त्यावरची कमाई

प्रवासाला निघायचं म्हटलं की आमच्याकडे आधी डबा ठरतो, मग तिकीट. दशम्या, चटणी, वर ‘असू दे, लागेल’ म्हणून चिवड्याचा पुडा. थंडीचे दिवस असले तर शाल, आणि शालीखाली आणखी एक शाल. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागलं की या बाडबिस्तऱ्याची मला जरा लाज वाटते. केडगाव म्हणजे पंडिता रमाबाई. इतक्या कमी सामानात इतकं जग फिरलेली दुसरी मराठी बाई मला तरी माहीत नाही.

त्यांचा जन्म 1858 चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागलेला गृहस्थ. सहा महिन्यांच्या रमेला वेताच्या टोपलीत घालून हे कुटुंब रानातून बाहेर पडलं, ते कायमचंच. आज हे तीर्थ, उद्या ते. देवळात पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर राहायचं. शास्त्रीबुवांचा हात सढळ होता. आलेला पैसा दानधर्मात आणि ब्राह्मणभोजनात जायचा, कारण पुण्य तिथेच मिळतं असं शास्त्र सांगत होतं.

मग दुष्काळ पडला. भांडीकुंडी विकून झाली, झाडाचा पाला खाऊन झाला, रानातली फळं बियांसकट गिळून झाली. रमाबाईंच्या पंधरा-सोळाव्या वर्षी आधी वडील गेले, मग आई. आईची तिरडी उचलायला दोन ब्राह्मण कसेबसे मिळाले, तिसरा भाऊ. चौथा खांदा रमाबाईंचा, पण त्या उंचीला कमी. तिरडी खांद्यावर घेतली तर ती कलणार, म्हणून आपली बाजू त्यांनी डोक्यावर घेतली आणि स्मशान गाठलं. आयुष्यभर ज्यांना वाढलं त्या पंक्तीतले दोनच जण आले, हा हिशेब त्या पोरीनं मनात मांडला नसेल असं मला वाटत नाही.

पुढे बहीणही गेली. उरलेले दोघं, त्या आणि भाऊ श्रीनिवास, पार काश्मीरपर्यंत पायी हिंडले. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याची थंडी आणि अंगावर घ्यायला काही नाही. तेव्हा नदीकाठच्या वाळूत दोघांनी आपापल्या मापाचे खड्डे खणले, आत शिरले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. हे सगळं त्यांनीच लिहून ठेवलंय, आणि तेही फारसं न कण्हता.

नंतरचं आपल्याला शाळेत कळतं : 1878 मध्ये कलकत्त्याला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, लग्न, दोन वर्षांच्या आत वैधव्य, इंग्लंड, 1883 मध्ये ख्रिस्ती धर्मस्वीकार आणि इथे उठलेला गदारोळ. त्यात मी शिरत नाही. एवढंच सांगतो की इंग्लंडात नन मंडळींच्या मठात राहूनही बाई शाकाहारीच राहिल्या. पुण्याला त्या आपल्या वाटेनात आणि गोऱ्यांनाही पुरत्या पचेनात.

1886 मध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या, त्या आनंदीबाई जोशींचा डॉक्टरकीचा पदवीदान समारंभ पाहायला. गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक राहिल्या. बालवाडीची फ्रोबेलची पद्धत शिकून घेतली, गावोगाव भाषणं दिली आणि बोस्टनच्या लोकांकडून दहा वर्षं मदत देण्याचं वचन मिळवलं. परतल्यावर मराठीत प्रवासवर्णन लिहिलं. त्यात अमेरिकेचं कौतुक भरपूर आहे, पण काळ्या लोकांना तिथे कसं वागवतात तेही लिहायला त्या विसरल्या नाहीत. यजमानाच्या घरी जेवून यजमानाचं खरं सांगायला धाडस लागतं.

परदेशातून आपण चॉकलेटं आणतो. बाईंनी शारदा सदन आणलं, म्हणजे विधवांसाठीची राहती शाळा. 11 मार्च 1889 ला मुंबईत ते सुरू झालं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांची पत्नी बाया. 1890 मध्ये सदन पुण्याला आलं, आणि 1893 मध्ये धर्मांतराच्या वादात रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार सोडून गेले. वाद खोटा नव्हता. मुली ख्रिस्ती होत होत्या, आणि रमाबाईंना त्यात वावगं वाटत नव्हतं. ते मला आजही सरळ गिळता येत नाही. पण 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः जाऊन शेकडो मुली कोण घेऊन आलं, असं विचारलं की माझा आवाज खाली येतो. प्लेगमुळे पुण्यात नव्या मुली ठेवायला बंदी झाली. तेव्हा फळबागेसाठी घेतलेली केडगावची जमीन कामी आली आणि तिथे ‘मुक्ती सदन’ उभं राहिलं. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

इथे लेक बापापेक्षा वेगळी निघाली. बापाचं दान पंक्तीत वाढलं गेलं आणि संपलं. लेकीनं विहिरी खणल्या, माग लावले, अंध मुलींना ब्रेल शिकवलं आणि छापखाना घातला. तिथे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं मुलीच करायच्या. त्या छापखान्यासाठी बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबल मराठीत आणायला घेतलं. त्यात कित्येक वर्षं गेली. मधे 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. भाषांतर संपवून 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. छपाई तेव्हा पुरी व्हायची होती, ती मागच्या मंडळींनी 1924 मध्ये पुरी केली.