चुका मोजताना

बारीक खिळ्याला मराठीत चूक म्हणतात. ज्यानं हा शब्द रूढ केला, त्यानं कधीतरी घरच्या घरी खुर्चीची बैठक बदलली असणार, याबद्दल मला आता शंका नाही.

खुर्ची जुन्या सामानातून उचललेली. पाठ ताठ, हात गोलसर, लाकूड वजनदार. बैठकीवर तपकिरी रेक्झिन, मधोमध चिरलेलं. "त्यात काय, कापड बदललं की झालं," असं मी घरात जाहीर करून टाकलं. असं जाहीर करू नये.

रेक्झिनखाली निळं कापड निघालं. निळ्याखाली फुलाफुलांचं. त्याखाली काथ्या, निम्मा भुगा झालेला. ज्याच्या हाती खुर्ची गेली त्यानं आधीचं न काढता वरूनच ठोकलेलं. चुकेच्या डोक्याखाली चपटा स्क्रू ड्रायव्हर सरकवायचा, अलगद उचलायचं, मग पकडीनं सरळ ओढायचं. घाई केली की डोकं हातात येतं आणि दांडी लाकडातच राहते. एक संपूर्ण दुपार यात गेली.

मागच्या डाव्या कोपऱ्यात मात्र मी थबकले. बाकी कोपऱ्यांत रेक्झिनला चार-पाच चुका, इथे १९! एकमेकींना खेटून, दोन तर चक्क एकीवर एक. गंमत म्हणजे निळ्या कापडालाही तिथेच १४. "अरे बाबा, एवढ्या ठोकण्यापेक्षा एकदा उकलून पुन्हा बसवायचं होतंस," असं मी त्या अनोळखी माणसाला मोठ्यानं सुनावलं. फुलाफुलांच्या कापडाला मात्र तिथे फक्त ५ चुका होत्या. त्याला पाठीच्या खांबाच्या दिशेनं एक तिरकी चीर दिलेली, आणि कड आत दुमडलेली. बस्स. हा पहिला कारागीर असावा.

त्याचाच हात सांध्यांतही दिसला. खुर्ची डुलत होती, कारण आतला सरस वाळून सुटला होता. हा जुना सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून शिजवलेला असतो आणि गरम पाण्यानं मऊ पडतो, त्यामुळे कुसू, म्हणजे खाचेत बसवलेलं लाकडाचं टोक, न मोडता बाहेर येतं. ते खरवडून नवा गोंद लावला आणि दोरीत काठी घालून पीळ भरत सांधा रात्रभर आवळून ठेवला.

पॉलिश कसलं आहे हे पाहायला खालच्या बाजूला स्पिरिटचा बोळा घासला. लाकूड चिकट झालं, म्हणजे लाखेचं. बरं वाटलं. लाखेचा नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, कापडांसारखा एकावर एक बसत नाही. काळ्या डागांपुरता पॉलिशपेपर मारायचा होता: आधी खरखरीत ८० नंबर, मग बारीक होत जाणारे १२०, १८०, २२०, आणि नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. खुर्चीच्या एका हातावर मी ८० नंबर आडवा फिरवला. ते ओरखडे तेव्हा दिसत नाहीत, पॉलिश चढलं की हजर होतात.

फोमचं थोडक्यात सांगते. डेन्सिटी ४० म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन ४० किलो. तो कडक असेल की मऊ, हे त्यातून कळत नाही. मला ते बसल्यावर कळलं.

कापड लावताना प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक चूक मारायची, मग समोरच्या बाजूला, मग मध्यापासून कोपऱ्यांकडे सरकायचं. तीन कोपरे इतके सुबक झाले की मी दोनदा लांब जाऊन पाहून आले. चौथ्याकडे वळले तेव्हा लक्षात आलं, तो मागचा डावाच होता. बाकीच्यांनी टाळलेला सगळा झोळ तिथे गोळा झालेला आणि खांब मध्ये उभा. फुलाफुलांचा तुकडा समोर ठेवून मी तशीच तिरकी चीर दिली. फक्त बोटभर जास्त.

उकलून पुन्हा बसवायला कापड उरलं नव्हतं. रेक्झिनवाल्याची एक चूक त्या कोपऱ्यातून शेवटपर्यंत निघाली नव्हती, डोकं तुटून आत राहिलेली. तिच्याभोवती आता माझ्या २३ आहेत, आणि खुर्चीची डावी बाजू भिंतीला लावलेली आहे.