बोअरच्या पाण्यातलं पीफास काढताना : माझा अनुभव

वडोदऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या पिण्याच्या नळावर सक्रिय कार्बनच्या (रसायनं धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र कोळशाच्या) दोन टाक्या बसवल्या, त्याची ही माहिती. पीफास, म्हणजे नॉनस्टिक भांडी, जलरोधक कापड आणि आग विझवायचा फेस यांतली फ्लोरिनयुक्त रसायनं. टीडीएस-कडकपणाच्या नेहमीच्या तपासणीत ती दिसत नाहीत. उकळूनही जात नाहीत. पाणी आटतं, रसायन तिथंच राहतं.

नमुना घेण्यातच निम्मं काम आहे. मोजायचं असतं लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये (अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीफासची मर्यादा प्रत्येकी ४ ठरवली), त्यामुळे बाहेरचा कणही निकाल बिघडवतो. प्लंबरची पांढरी टेप टेफ्लॉनचीच, म्हणून नव्याने जोडलेला नळ टाळला. पाणी पाचेक मिनिटं सोडून दिलं, नायट्राइलचे हातमोजे घातले, बाटली पॉलिप्रॉपिलीनची घेतली. सोबत शुद्ध पाण्याची एक कोरी बाटलीही पाठवली. तिच्यात पीफास निघालं तर दोष नमुना घेण्यात आहे. बाटल्या बर्फात.

आरओ पीफास चांगलं अडवतो, पण नाकारलेलं पाणी जास्त पीफास घेऊन गटारात जातं, आणि जिवाणूंच्या टाक्यांवर चालणारं सांडपाणी केंद्र ते तोडू शकत नाही. म्हणून कार्बन.

आकाराचा हिशेब सोपा: पाणी कार्बनच्या थरात किमान १० मिनिटं राहायला हवं. मिनिटाला ३ लिटर प्रवाह, म्हणजे टाकीमागे ३० लिटर कार्बन, वजनाने सुमारे १५ किलो. सिंकखालच्या फिल्टरात अर्धा लिटर कार्बन असतो, त्यातून पाणी १० सेकंदांत निघून जातं! १० इंच व्यासाच्या, ५४ इंच उंचीच्या फायबरच्या दोन टाक्या एकामागे एक जोडल्या, आधी ५ मायक्रॉनचा फिल्टर. कार्बन २४ तास भिजवला, नाहीतर आत हवा राहते आणि पाणी वाट काढून निसटतं. मग उलटं पाणी सोडून काळी भुकटी जाईपर्यंत धुतलं. एकदा सुरू झाल्यावर मात्र उलटं धुणं बंद: वरचा भरलेला थर खालच्या ताज्या थरात मिसळतो.

दोन टाक्यांच्या मधे नमुन्याचा नळ ठेवायलाच हवा. तिथं पीफास दिसू लागलं की पहिली टाकी काढायची, दुसरी पुढे आणायची, नवी मागे. पीएफबीएससारखी आखूड साखळीची (कमी कार्बन अणूंची) पीफास आधी निसटतात, त्यामुळे फक्त पीएफओएवर नजर ठेवून भागत नाही. कार्बन क्लोरीनही खातो, मग जिवाणू वाढतात. शेवटी यूव्ही दिवा लावला.

वापरलेला कार्बन उन्हात वाळवून पुन्हा वापरता येत नाही. बागेत तर टाकूच नये, पीफास मातीत उतरतं. तो गोणीत बांधून, वर लेबल लावून, घातक कचऱ्याच्या उच्च तापमानाच्या भट्टीकडे द्यायचा.