दोरीवरची निळी चिंधी

ताईकडे जेवून गॅलरीत उभा होतो. लालबागच्या चाळीतली गॅलरी, म्हणजे दोरीवर अख्ख्या मजल्याचा संसार. चादरी, गाऊन, भावजींच्या तीन सँडो आणि त्यांच्यामध्ये एकाच चिमट्याला लटकलेली एक चकचकीत निळी चिंधी. रुमाल म्हणावा तर रुमालाचा अपमान. शेजारच्या काकूंनी माझी नजर कुठे अडकलीय ते पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "तुमच्या भाच्याची. स्पर्धेला घालायची."

भाचा सतराचा. शरीरसौष्ठव स्पर्धेत पहिल्यांदाच उतरायचं म्हणतोय. (हा शब्द बोलताना जिभेलाच पीळ बसतो. फ्लेक्सवर तर तो मी आजवर किमान चार प्रकारे लिहिलेला पाहिलाय.) वय अठराच्या आत, म्हणून फॉर्मवर पालकांची सही हवी. ताई म्हणते, बाबांना विचार. भावजी म्हणतात, मामाला विचार. फॉर्म आठ दिवस फ्रिजवर पडून आहे आणि फ्रिजच्या आत अंडीच अंडी. पांढरं तो खातो, पिवळ्याचं काय करायचं हा घराचा प्रश्न. त्या दुपारी माझ्या ताटात नुसत्या बलकांची भुर्जी होती, ती का, हे मला गॅलरीत उभा राहिल्यावर कळलं.

मला विचारायचं कारण एवढंच की लहानपणी मी तीन महिने व्यायामशाळेत जात होतो. घरच्यांच्या लेखी तो माझा अनुभव.

खरं सांगायचं तर मी शनिवारी जायचो. शनिवारी मारुतीपुढे नारळ फुटायचा आणि खोबरं-साखर मिळायची. बाकीचे दिवस वडील दारापर्यंत सोडायला यायचे म्हणून. आत शेंदराचा, तेलाचा आणि घामाचा मिळून एक वास. भिंतीला एकच आरसा, तोही पारा उडालेला, त्यात आपलं पोटच तेवढं नीट दिसायचं. पहिल्या दिवशी वस्तादांनी वीस जोर मारायला सांगितले. सातव्याला मी जमिनीवर पसरलो तो तिथेच थोडा वेळ राहिलो, गार वाटत होतं. त्या तालमीत दोन-तीन पोरं खरोखर पिळदार होती. पण व्यायाम संपून कुणी उघड्या अंगाने दाराशी रेंगाळलं की वस्ताद आतून ओरडायचे, "सदरा घाल रे! बाजार भरलाय का?" कमवायचं, पण दाखवायचं नाही. मी तर काहीच कमवलं नव्हतं, तरी सदरा सगळ्यांच्या आधी घालायचो.

ती खोड अजून गेलेली नाही. समुद्रावर मी बनियनसकट भिजतो. वेरूळला घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना वरचं अंग उघडं ठेवावं लागतं. बायको आत जाऊन आली, मी बाहेरूनच हात जोडले. देवाला काय ते माहीतच आहे, मागच्या रांगेला कशाला कळवा?

गंमत बघा, सँडो हा एक चालता-बोलता माणूस होता. युजेन सँडो. १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्सवाले कॉनन डॉयल होते. पुढे तो हिंदुस्थानातही खेळ करून गेला. ज्याने जन्मभर अंग उघडं करून दाखवलं, त्याचं नाव आपण अंग झाकायच्या बनियनला दिलं. हे आपल्यालाच जमतं.

तेवढ्यात भाचा क्लासहून आला. गाल आत गेलेले. "मामा, बघ," म्हणाला आणि शर्ट काढून पंख्याखाली उभा राहिला. आधी डबल बायसेप्स, मग बाजूने छाती, मग वळून पाठ. पाठीवर काय काय उमटलं! याला मी खांद्यावर बसवून गणपती दाखवलेत. हजार लोकांसमोर ती चिंधी नेसून उभं राहायला हा तयार आहे. माझ्या पोटात काहीतरी हललं. काळजी असावी असं मी स्वतःला सांगितलं, पण होता हेवाच.

तरी मोठेपणा दाखवायचा म्हणून मी त्याला मनोहर आईच नावाच्या शरीरसौष्ठवपटूंचं उदाहरण दिलं. बंगालचे. उंची चार फूट अकरा इंच. १९५२ साली मिस्टर युनिव्हर्स झाले तेव्हा चाळिशीचे होते आणि गेले ते वयाची शंभरी ओलांडून. "घाई काय आहे?"

"चाळिशीत ज्युनियर गटात कोण घेईल, मामा?"

याला उत्तर नव्हतं. मी खिशातलं पेन काढलं. सही माझी चालणार नव्हती, पण 'हो म्हणा' असं भावजींना सांगायचं ठरवून टाकलं होतं. ताईने त्याच्यापुढे अळणी उकडलेलं चिकन ठेवलं. त्याने लोणच्याची बरणी उघडली, डोळे मिटून वास घेतला आणि झाकण लावून टाकलं.

"मीठ कधीपर्यंत बंद?"

"स्पर्धेपर्यंत. शेवटचे दोन दिवस पाणीपण कमी. आणि आदल्या रात्री सर एक गोळी देणारेत."

"कसली?"

"पाणी काढायची. लघवीला होतं सारखं, मग स्नायूंचे कट्स दिसतात. सगळे घेतात, मामा."

ताईचा हात भांड्यातच थांबला. मला बेनाझिझा हा शरीरसौष्ठवपटू आठवला. १९९२ साली हॉलंडमध्ये स्पर्धा जिंकला आणि काही तासांत गेला. अंगातलं पाणी काढून टाकलेलं, हृदय बंद पडलं. वय तेहतीस. हे मी पोराला सांगितलं नाही. पेन खिशात ठेवलं, फ्रिजवरचा फॉर्म घडी करून त्याच खिशात घातला आणि चपला शोधू लागलो.

"कुठे निघालास?" ताईने विचारलं.

"तुझे सर जिममध्ये किती वाजता येतात रे?"