बालकांच्या फायली संगणकावर आणताना : माझा अनुभव

जिल्हा पातळीवर बाल संरक्षणाचे काम करणाऱ्या एका संस्थेत मी सामाजिक कार्यकर्ती आहे. बाल कल्याण समितीसमोर, म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीसमोर, हजर केलेल्या बालकांच्या आमच्याकडील फायली संगणकप्रणालीत आणण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी एकच कसोटी ठरवली : बालकाला आपली हकिगत पुन्हा पुन्हा सांगावी लागू नये. पोलीस, १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावरून आलेला कार्यकर्ता, समितीचे सदस्य, बालगृहाचे अधीक्षक, समुपदेशक असे सगळे जण तेच प्रश्न विचारतात, आणि ज्या मुलीवर घरातच अत्याचार झाला आहे, तिला प्रत्येक उत्तरासोबत तो प्रसंग नव्याने सोसावा लागतो.

सर्वाधिक वेळ दुबार नोंदी शोधण्यात गेला. घर सोडून आलेले मूल पहिल्याच दिवशी खरे नाव सांगेल असे नाही. मारहाणीच्या भीतीने ते गाव बदलून सांगते, वडिलांचे नाव लपवते, आणि काही महिन्यांनी दुसऱ्या रेल्वे स्थानकावर सापडले की त्याची नवी फाईल उघडली जाते. त्यातच एक फाईल मराठीत, दुसरी इंग्रजीत, त्यामुळे नुसत्या नावावरून शोध घेऊन भागत नसे. आईचे नाव, बोलीभाषा, अंगावरील खूण, सापडल्याचे ठिकाण आणि आधीची संस्था यांवरून शोध घेण्याची सोय आम्ही करून घेतली. मात्र दोन नोंदी सारख्या वाटल्या तरी प्रणालीने त्या आपोआप एकत्र करू नयेत, त्या मुलाला ओळखणाऱ्या कार्यकर्त्याने खात्री केल्यावरच त्या जोडाव्यात, असा आग्रह मी धरला. कारण चुकीच्या जोडणीमुळे एका मुलाच्या घरचा पत्ता दुसऱ्याच्या फायलीत गेला, तर त्याच आधारे त्याला भलत्याच घरी पाठवण्याचा निर्णय होऊ शकतो.

जन्मतारखेचा रकाना सक्तीचा होता. तारीख माहीत नसली की १ जानेवारी भरायची, ही सोपी वाट मला मान्य नव्हती, कारण अठरा वर्षे कधी पूर्ण होतात यावर त्या मुलाचा निवारा अवलंबून असतो. अखेर ‘अंदाजे वय’ असा वेगळा रकाना मिळाला आणि ते कशावरून ठरवले, शाळेच्या दाखल्यावरून, जन्माच्या दाखल्यावरून की वैद्यकीय तपासणीवरून, हेही त्यात नोंदवता येऊ लागले.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार बालकाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून कोणी काय पाहावे, हे आम्ही ज्याच्या त्याच्या कामानुसार ठरवले. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्याला शाळा आणि इयत्ता दिसणे पुरेसे आहे, समुपदेशनाची टिपणे त्याला दिसण्याचे कारण नाही. सर्वांनी एकच पासवर्ड वापरणे आणि पडद्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणे, या दोन्ही सवयी मोडायला प्रणाली शिकण्याहून अधिक वेळ लागला. प्रशिक्षणासाठी खऱ्या फायली न वापरता आम्ही काल्पनिक नोंदी तयार केल्या.

मुदतींच्या बाबतीत प्रणालीचा उपयोग लगेच जाणवला. प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांत बालकाला समितीसमोर हजर करणे, पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी, म्हणजे बालकाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी, पूर्ण करणे, चार महिन्यांत अंतिम आदेश होणे, या टप्प्यांची आठवण आता आपोआप येते. परंतु तपासणी अहवालात ‘घरची परिस्थिती’ या रकान्यासमोर ‘समाधानकारक’ हा तयार पर्याय निवडण्याची सोय मी काढून टाकायला लावली. घरात कोण राहते, कमावते कोण, मुलाला भीती कोणाची वाटते, हे गृहभेटीनंतर वाक्यांत लिहिलेच पाहिजे.

त्यालाच जोडून ‘बालकाचे स्वतःचे म्हणणे’ हा रकाना आम्ही ठेवला. त्यात बालकाचे शब्द जसेच्या तसे, तारखेसह आणि ऐकणाऱ्याच्या नावासह, लिहिले जातात, आणि आमच्या जिल्ह्यातील समुपदेशक मुलाला भेटण्यापूर्वी ते वाचतात. बालकाची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली की मात्र छापील प्रत बंद लिफाफ्यात पाठवावी लागते, कारण तेथे ही प्रणाली नाही. ती प्रत अधीक्षकांच्या हाती पोहोचली का आणि त्यांनी ती वाचली का, हे सध्या मी स्वतः फोन करून विचारते.