छाटलेला चित्रक

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी चहा घेऊन गॅलरीत गेले तर निळा चित्रक कठड्यावरून पार खाली ओथंबलेला. एका गुच्छातली उमललेली फुलं मोजली, अकरा भरली. कळ्या मोजायला घेतल्या, पण चहा गार व्हायला लागला.

गोकर्णीचा निळा दौतीतल्या शाईसारखा असतो. ह्याचा तसा नाही. धुवून धुवून विटलेल्या शाळेच्या शर्टाचा असतो ना, तो रंग. पाच पाकळ्या, प्रत्येकीच्या मधोमध एक गडद रेघ, खाली दोऱ्यासारखी लांब नळी. वास अजिबात नाही. नर्सरीत ‘प्लंबॅगो’ म्हणूनच मागावा लागतो. हा मूळचा दक्षिण आफ्रिकेतला.

आईला नाव सांगितलं तेव्हा ती दचकलीच होती. “चित्रक? अगं, तो औषधाचा. हात नको लावूस.” तिच्या लहानपणी गावात कुणाच्या तरी गुडघ्यावर चित्रकाचं ओलं मूळ वाटून बांधलं होतं आणि टरारून फोड आले होते. तो चित्रक आपल्याकडचा, पांढऱ्या फुलांचा. त्याचं मूळ वैद्यसुद्धा आधी चुन्याच्या निवळीत शुद्ध करून घेतात. पण निळाही त्याच घरातला, त्यामुळे छाटताना मी हातमोजे घालते. भीती आईची, हातमोजे माझे.

पहिल्या वर्षी पानांच्या पाठीवर पांढरी भुकटी दिसली. पिठ्या ढेकूण! दर चार दिवसांनी कडुनिंबाचं तेल फवारलं, ओल्या फडक्याने पानन् पान पुसलं. भुकटी हलेना. मग कळलं की पानांतल्या ग्रंथींतून चुनखडी बाहेर येते, ती ह्या झाडाची जातच आहे. महिनाभर मी एका निरोगी झाडाला औषध देत होते.

आणि छाटणी मात्र केली नाही. फांद्या लांबच लांब गेल्या, पानं टोकाला, मध्ये नुसत्या काटक्या, फुलं मोजून चार. माझ्या हाताला कात्री लावणं होईना. शेवटी ह्या जूनमध्ये माळीमामांना कुंड्यांची माती बदलायला बोलावलं, मी फोनवर बोलत आत गेले आणि परत येईतो कुंडीत वीतभर खुंट उरले होते. “ताई, जुन्या काडीला फूल नाही येत ह्याला. नव्या फुटीला येतं.” त्या दिवशी मी त्यांना चहा विचारायची विसरले. विसरले कसली, विचारलाच नाही.

ऑगस्टअखेर प्रत्येक खुंटावर पाच-सहा फुटवे आणि प्रत्येकाच्या टोकाला गुच्छ. मामा परवा शेणखत घेऊन आले, झाडाकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. दोन वेळा चहा झाला.

सध्या एक छोटं फुलपाखरू रोज येतं, झेब्रा ब्लू. पंख मिटले की खालून पट्टे पट्टे. ते कळ्यांवर अंडी घालतं आणि अळ्या कळ्या आतून पोखरतात. दोन गुच्छ वाया गेलेत. पण फवारणीचा पंप ह्या वेळी माळ्यावरच राहू दे, गेल्या खेपेचा अनुभव आहे.

दुपारी आई म्हणाली, “देवाला वाहते चार.” फुलं सुटेनात. ह्याच्या देठाजवळच्या हिरव्या नळीवर चिकट केस असतात, ती बोटाला धरून बसतात. देव्हाऱ्यापर्यंत दोन पोचली. बाकीची तिच्या पदराला, पाठीकडून. संध्याकाळी ती तशीच खाली भजनाला गेली. मी सांगितलं नाही.