निर्यातबंदी उठली म्हणे

आमच्या ओसरीत दोन कॅलेंडरं टांगलेली असतात. एक सणावारांचं, दुसरं खतवाल्याने दिलेलं. खतवाल्याच्या कॅलेंडरवर मी रोजचा कांद्याचा भाव लिहिते. त्यातलं फेब्रुवारी २०२४चं पान मी अजून जपून ठेवलंय. १८ तारखेच्या चौकोनात निळ्या पेनने लिहिलंय, ‘उठली!!’ आणि २० तारखेच्या चौकोनात, त्याच पेनने, ‘नाही.’

१८ला रविवार होता. ७ डिसेंबरच्या रात्री निर्यातबंदीची बातमी आली, ८ पासून ती लागू झाली, आणि तेव्हापासून आम्ही रांगडा कांदा, म्हणजे खरिपानंतर नि उन्हाळच्या आधी निघणारा, काढायचा नि मिळेल त्या भावात देऊन मोकळं व्हायचं, असं चाललेलं. रांगडा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरून ठेवता येत नाही, कोंब काढतो. थांबून थांबणार किती, आठ-दहा दिवस. त्या दुपारी टीव्हीच्या खालच्या पट्टीत आलं, की निर्यातबंदी उठली, ३ लाख टनांना परवानगी. पाठोपाठ मोबाईल वाजायला लागला. गावच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो, गुलाल, एका पुढाऱ्याचा हारातला फोटो आणि खाली ‘पाठपुराव्याला यश’.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. आबांनी विचारलं, “कोण म्हणतंय?”

“सगळेच म्हणतायत, आबा.”

“सगळे म्हणजे कोण?”

मला राग आला होता. दोन-अडीच महिन्यांनी काही चांगलं ऐकायला मिळतंय आणि हे आपले उलटतपासणीला बसलेत. मी गेले आणि कॅलेंडरवर लिहून टाकलं.

सोमवारी लासलगावात भाव चढला. शनिवारी क्विंटलला १२८० होता, तो १८०० झाला. आमचा तीस क्विंटलचा ट्रॅक्टर भरून दारात उभा होता. नवरा म्हणाला, आज एवढा चढलाय तर परवापर्यंत दोन हजारांच्या वर जाईल, थांबू. मीही मान हलवली, उगाच त्याच्या एकट्याच्या माथी मारायला नको. मंगळवारी दिल्लीहून ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनी सांगितलं, की बंदी उठलेलीच नाही. ३१ मार्चपर्यंत जशी होती तशीच आहे.

आमचा कांदा त्या आठवड्याच्या शेवटी गेला, सोमवारपेक्षा क्विंटलमागे चारशे रुपये कमी भावाने. बारा हजार. शेजारच्या मळ्यातल्या वहिनींचा पिकअप मात्र सोमवारीच गेला होता. त्यांच्या हिशोबपट्टीवर ती खोटी बातमी खऱ्या पैशांत उतरलेली आहे, आणि त्या अजून मला चिडवतात.

नंतर एका रात्री मी त्या रविवारच्या सगळ्या लिंका पुन्हा उघडल्या. सात होत्या. मला वाटलं होतं सात जणांनी बातमी दिली. वाचल्यावर कळलं, की पाच ठिकाणी तीच वाक्यं त्याच क्रमाने आहेत, आणि तीन ठिकाणी ‘निर्यतबंदी’ ही चूकसुद्धा तीच आहे. म्हणजे एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उचललं. मुळात होतं एवढंच, की मंत्र्यांच्या समितीची बैठक झाली आणि त्यात असं ठरल्याचं कुणी दिल्लीत पत्रकारांना सांगितलं. ठरलं असेलही. पण बंदी घालायची तर विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघते आणि उठवायची तरी तीच निघते. त्या सातांपैकी एकातही अधिसूचनेचा क्रमांक नव्हता, तारीख नव्हती. आबांचा प्रश्न तोच होता, फक्त त्यांना महासंचालनालय म्हणता येत नाही.

तेव्हापासून मी एक वही केली. बी.कॉम. करून स्वयंपाकघरात आलेल्या बाईला हिशोबाची हौस असतेच.

त्या वहीतलं माझं आवडतं पान एप्रिलचं आहे. २२ मार्चला बंदी पुढच्या आदेशापर्यंत वाढवली होती. मग एप्रिलच्या शेवटी गुजरातमधल्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली आणि आमच्याकडे भडका उडाला. लोकसभेची निवडणूक तोंडावर. दोन दिवसांत सरकारचं पत्रक आलं, ‘सहा देशांना ९९,१५० टन कांदा निर्यातीला परवानगी’. पुन्हा तोच गुलाल, तोच हारातला फोटो. या वेळी मी पेन हातात घेतलं, पण कॅलेंडरकडे गेले नाही, वही उघडली. मार्चपासूनच्या अधिसूचना मी उतरवून ठेवल्या होत्या. बांगलादेश ५०,०००. संयुक्त अरब अमिराती आधी १४,४००, मग १०,०००, मग आणखी १०,०००. श्रीलंका १०,०००. बहरीन ३,०००, मॉरिशस १,२००, भूतान ५५०. बेरीज मारली. ९९,१५०. एक टन इकडे नाही की तिकडे नाही. जुन्याच परवानग्या एका ओळीत मांडून पुन्हा वाढल्या होत्या.

बघा, पत्रकात खोटं काहीच नव्हतं. आकडा बरोबर, देश बरोबर, परवानगीही खरी. ‘आज दिली’ असं कुठे म्हटलेलंही नव्हतं. ते वाचणाऱ्याने आपल्या पदरचं घातलं, आणि बातमी देणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनीही. मी बेरजेचा फोटो ग्रुपवर टाकला. दोघांनी अंगठा दिला, एकाने ‘ताई तुम्ही कोणत्या पक्षाच्या?’ विचारलं.

पक्षाचं निघालंच आहे तर सांगते. कांद्याच्या बातमीत कुणीच मधला नसतो. माझी बहीण कल्याणला असते. कांदा साठ रुपये किलो झाला की तिचा फोन येतो, “काय गं, मालामाल झालात!” तिच्या टीव्हीवर त्या दिवशी ‘कांद्याने रडवलं’ असतं, पिशवी घेतलेली बाई असते. तो टीव्ही खोटं बोलत नाही. तो कल्याणच्या बाईचा आहे, आणि जाहिरात साबणाची असो की मसाल्याची, ती बघणारीही तीच. आमच्याकडे भाव पडतो तेव्हा त्या चॅनेलवर काहीच नसतं. कांदा स्वस्त ही त्यांच्या लेखी बातमी नाहीच. म्हणून मी ताईला एवढंच शिकवलंय, की शंभर म्हटलं तर किलोचं असतं आणि चार हजार म्हटलं तर क्विंटलचं, आणि दोन्हींच्या मध्ये हमाली, तोलाई, वाहतूक, सडणं आणि चार हात असतात.

आणि आमची बाजू? आम्हीही काही कमी नाही. बाजार समितीचा भाव तीन आकड्यांत येतो, किमान, कमाल आणि सर्वसाधारण. कमाल म्हणजे दिवसभरातल्या एखाद्या देखण्या, एकसारख्या, सुकवलेल्या मालाचा भाव. कधी एकाच गाडीला मिळालेला. हंगामाच्या मुहूर्ताला तर पहिल्या गाडीला मुद्दाम चढी बोली लावतात, फेटा बांधतात, फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी मथळ्यात तोच भाव. गावोगावचे लोक ते वाचून गोल्टी, म्हणजे बारीक कांदासुद्धा भरून आणतात आणि आवक वाढली की भाव बसतो. याउलट आंदोलन असलं की आमच्या बाजूचे लोक फक्त किमान सांगतात, जो बहुतेक खादीचा, म्हणजे फेकायच्या लायकीच्या मालाचा असतो. मी कॅलेंडरवर सर्वसाधारण लिहिते. आबांना ते पटत नाही. त्यांना कमाल ऐकायला आवडतं.

सोलापूर बाजाराच्या दोन बातम्या मी वहीच्या पुठ्ठ्यावर समोरासमोर चिकटवल्यात. डिसेंबर २०१९, क्विंटलला २०,००० रुपये. फेब्रुवारी २०२३, बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला आणि सगळं वजा जाऊन हातात दोन रुपयांचा चेक आला. दोन्ही खऱ्या. दोन्हींवर विसंबून कुणी लागवडीचा हिशोब केला तर दोनदा बुडेल.

एक मात्र कबूल करायला हवं. वाईट बातमी आली की मी लगेच वही काढते, क्रमांक शोधते, कुणाच्या हवाल्याने छापलंय ते बघते. रविवारच्या त्या ‘उठली’ला मी यातलं काही केलं नव्हतं. आबा विचारत होते तरी.

४ मे २०२४. शनिवार. आमच्याकडचं मतदान २० तारखेला. सकाळी पुन्हा तेच, ‘निर्यातबंदी उठली’. ग्रुपवर पेढे. नवरा आत आला, काही बोलला नाही, मोबाईल माझ्यापुढे धरला. आबा ओसरीतूनच म्हणाले, “सूनबाई, तुझ्या त्या साईटवर आहे का?”

महासंचालनालयाची साईट उघडायला चार वेळा फिरवावी लागली. पीडीएफ होती. क्रमांक होता, तारीख होती, खाली सही होती. मी वाचून दाखवलं. उठली आहे, आबा. खरीच उठली. पण टनाला किमान ५५० डॉलरखाली पाठवता येणार नाही, आणि वर ४० टक्के शुल्क आहे. म्हणजे ७७० डॉलर. वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला, किलोला चौसष्ट रुपयांच्या आसपास. आमच्या चाळीतला उन्हाळ कांदा त्या दिवशी कितीला जात होता ते आबांना मी सांगायची गरज नव्हती.

आबा थोडा वेळ कॅलेंडरकडे बघत बसले. मग म्हणाले, “लिही मग. उठली. पण बारीक अक्षरात लिही.”