आमची वाटचाल : माप चाकाच्या मध्यापासून

"गाडी खाली करायची हाय, भावा. टायर फेंडरात गेलं पाहिजे बघ." असं म्हणत पहिलं गिऱ्हाईक दारात आलं. खाली म्हणजे रिकामी नाही, तर गाडीची उंची कमी करून चाकावरच्या पत्र्यात, म्हणजे फेंडरात, टायर शिरेल इतकी बसकी करायची. तेव्हा आमच्याकडे रॅम्पसुद्धा नव्हता. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला दहा बाय वीसचा गाळा, उचललेली गाडी टेकवायचे दोन घोडे, एक ट्रॉली जॅक आणि ग्राइंडर, एवढ्यावर गॅरेज चालायचं. वडील फौंड्रीत मोल्डर होते. मामांचं लेथ पलीकडच्या गल्लीत. म्हादबा मिस्त्रींनी इथं इंजिन कसं घडवलं, या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. बाहेरून आलेली वस्तू उघडून बघायची आणि तिचं वर्म शोधायचं, ही सवय या वस्तीनंच लावली.

तेव्हा गाडी खाली करायची म्हणजे स्प्रिंगचे एक-दीड वेढे कापायचे. आम्हीही कापले. चार गाड्यांचे कापले, ते लपवणार नाही. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, पण शॉकअप मूळचाच राहतो. त्याला ती उसळी आवरत नाही. गॅसनं कापली तर कडेच्या पोलादाचं पाणी उतरतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चाक लोंबकळलं की आखूड स्प्रिंग बसकीत, म्हणजे ती जिथे टेकते त्या बैठकीत, सैल होते.

चौथी गाडी गगनबावड्याकडे गेली होती. करूळ घाटात एका खड्ड्यात चाक लोंबलं आणि स्प्रिंग बसकीतून सरकली. कुणाला लागलं नाही. रात्री टो करून आणली. वडील बराच वेळ ती स्प्रिंग हातात धरून उभे होते. मग एवढंच म्हणाले, "पोरा, त्यात कुणाचं तरी लेकरू बसतंय." दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे स्प्रिंग कापली नाही. त्या मालकाला चारही स्प्रिंग आम्ही नव्या बसवून दिल्या, पैसे घेतले नाहीत.

कॉइलओव्हरचा पहिला सेट इचलकरंजीच्या एका मुलानं आणला. शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे, त्या आट्यांवर स्प्रिंगची बसकी आणि तिला आवळणारी दुसरी रिंग. रिंग खाली फिरवली की गाडी खाली येते. आम्हाला वाटलं, झालं काम. रिंग फिरवायला आकडीचा पाना लागतो, तो मामांनी लेथवर तासाभरात करून दिला. गाडी ५० मिलिमीटर खाली आणली. दिसायला फार सुंदर. पण मुलगा आठवड्यात परत आला. "काका, प्रत्येक गतिरोधकाला आत कुणीतरी हातोडा मारतंय."

आम्ही जंपर, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगचा अख्खा जोड, उतरवला, स्प्रिंग काढली आणि जॅकनं चाक वर-खाली करून मोजलं. आधी ते चाक रबरी स्टॉपला टेकेपर्यंत ८० मिलिमीटर वर जायचं. गाडी ५० नं खाली आली, शॉकअप तेवढाच लांब राहिला, म्हणजे वर जायला ३० च उरले. माझ्या कामाची खरी सुरुवात मी त्या दुपारी धरतो. तोवर आम्ही उंची विकत होतो. चाकाची चाल मोजायची असते, हे तेव्हा उमगलं.

दुसऱ्या जातीच्या सेटमध्ये खालचा ब्रॅकेटही आट्यांवर असतो. तो फिरवला की अख्खा जंपर आखूड होतो आणि स्प्रिंगचा सुरुवातीचा दाब तसाच राहतो. शॉकअपची चाल वाचते. किंमत जास्त, तरी रोजच्या गाडीला मी हाच घ्यायला सांगतो. मात्र त्यातही फसगत आहे. शॉकअपला जागा असते, पण टायर आतल्या अस्तराला घासतं, नाहीतर चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, ड्राइव्ह शाफ्टचा, कोन फार तिरका होतो. म्हणून आजही स्प्रिंग न घालता आधी चाक पूर्ण वर उचलून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वळवून बघतो. तासभर जातो. गिऱ्हाईक घड्याळ बघतं. बघू दे.

दुसरा धडा लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या हाताच्या, रबरी बुशांनी दिला. एका गाडीचे नवे बुश तीन महिन्यांत फाटले. माल वाईट नव्हता, आमची पद्धत चुकली होती. चाकं लोंबत असताना आम्ही बोल्ट आवळले होते. रबर त्या स्थितीत धरलं जातं आणि गाडी जमिनीवर आली की कायमचं पिळलेलं राहतं. आता गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा पाना लागतो.

उंची आम्ही जमिनीपासून मोजत नाही, टायरच्या हवेनं ते माप बदलतं. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजतो, चारही कोपऱ्यांत, चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवून. ही पोती वडिलांची कल्पना. फौंड्रीत वाळूची कमी नाही.

कोल्हापुरात किती खाली, असं सगळे विचारतात. माझं मत २५ ते ३५ मिलिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. गल्लीबोळात रातोरात घातलेल्या उंचवट्यांना कसलंच माप नसतं. शिवाय फार खाली नेली की लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर चढतो, गाडी वळणावर ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू, तिच्या वजनाचा मध्य जितका खाली येतो त्याहून जास्त खाली सरकतो, आणि गंमत अशी की वळणावर गाडी आणखी झुकू पाहते. पन्हाळ्याच्या वळणांवर हे हाताला कळतं. प्रत्येक गाडी मी स्वतः तिथे नेऊन आणतो.

चाकाचा तिरकेपणा आणि टो, म्हणजे वरून बघता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं, दोन्ही बदलतात, म्हणून अलायमेंट झाल्याशिवाय गाडी सोडत नाही. टायर आतून लवकर झिजतात त्याला बहुतेक वेळा टो कारण असतो. ५०० किलोमीटरनंतर स्प्रिंग बसल्यावर पुन्हा मोजतो, हेडलाइटचा झोतही तेव्हाच जुळवतो.

२०१९ च्या ऑगस्टातला पूर गाळ्यात आला नाही, पण महामार्ग बंद पडला आणि आलेला माल बाहेर अडकला. मग शाहूपुरी, दुधाळीकडच्या गाड्या येऊ लागल्या. आट्यांत पंचगंगेचा गाळ सुकून दगड झालेला. तीन सेटच्या रिंगा हलेनात. एक मामांना कापावी लागली. तेव्हापासून पावसाळा संपला की आमच्याकडच्या प्रत्येक सेटचे आटे फुकट धुऊन देतो. नायलॉनचा ब्रश वापरतो, तारेच्या ब्रशनं मुलामा जातो.

एक गोष्ट काम घेण्याआधीच सांगतो. आरसीतल्या तपशिलाशी न जुळेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाही. विमा कंपनीलाही लेखी कळवा. हे ऐकून काहीजण उठून जातात. गेले तरी चालतील. ज्यांना जमिनीला टेकलेली गाडी हवी असते आणि ती फक्त ट्रॅकवर पळणार असते, ती ट्रेलरवरून येते. तिचं काम आम्ही मनापासून करतो.

आता दोन रॅम्प आहेत, आयटीआयमधून आलेली चार पोरं आहेत. वडील रोज अकराला येतात आणि मापांच्या वहीशी बसतात. आकडे तेच लिहितात. करूळ घाटात अडकलेल्या त्या गाडीच्या मालकानं गेल्या महिन्यात नवी गाडी आणली. मागच्या बाजूला दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई, टॉर्शन बीम, आणि तिथे स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा, त्यामुळे मागचं जुळवायला दोन दिवस गेले. वहीत त्याचं पान आहे : पुढे डावं ३६८, उजवं ३६६. दोन मिलिमीटरचा हा फरक वडिलांना अजून पटलेला नाही. सोमवारी ५०० किलोमीटरच्या तपासणीला गाडी येईल, तेव्हा डावी रिंग अर्धा फेरा फिरवून बघायची ठरली आहे.